तिथीची पाऊणपट

८ जानेवारी २०२३, रविवार

वही बँकेची, गेल्या वर्षीची. कोरीच राहिली होती, म्हणून ती या कामाला घेतली. प्रकल्प असा: फ्लेमिंगो परत जाईपर्यंत आठवड्यातून निदान एकदा तळ्यावर जायचं, आणि तेही इथे राहणाऱ्या माणसासारखं. म्हणजे नेमकं कसं, ते मला ठाऊक नाही.

थोडी पार्श्वभूमी. नवी मुंबईत सीवूड्सला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली. डीपीएस शाळेमागचं तळं घरापासून पायी सात मिनिटांवर. सुरुवातीला तिथे आम्ही, करावे गावातली चार पोरं आणि पक्षी, एवढेच असायचो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये इथल्या गुलाबी पाण्याचे फोटो जगभर फिरले आणि मग सगळं बदललं. आता चौकाचौकात फ्लेमिंगोचे पुतळे आहेत, भिंतींवर फ्लेमिंगो आहेत, आणि शनिवार-रविवारी आमच्या गेटसमोर कोणाच्या तरी गाड्या आहेत. पहाटे साडेपाचला तोफेएवढ्या लेन्सा घेऊन माणसं उतरतात. प्री-वेडिंगवाले रंगीत धुराचे डबे फोडतात. एकाने तर गेल्या वर्षी आमच्याकडे येऊन बाथरूम वापरू का म्हणून विचारलं होतं. (दिलं वापरायला. त्याच्या बायकोचा चेहरा बघवत नव्हता.)

गेली दोन वर्षं डिसेंबर ते मे मी सुट्टीच्या दिवशी त्या रस्त्याने भाजी आणायलाही जात नाही. म्हणजे जे बघायला लोक पुण्याहून येतात, ते मी दोन वर्षं बघितलेलं नाही. नवरा म्हणाला, "मग तक्रार कसली करतेस, तू जातेस कुठे?" मुद्दा बरोबर होता म्हणून राग आला, आणि वही काढली.

तक्रारी वहीच्या शेवटच्या पानापासून उलट्या लिहिणार आहे. इथे नको.

२२ जानेवारी, रविवार

सकाळी आठला गेले. नुसता चिखल. पक्षी शून्य. ढोकरी दोन, पण त्या मोजत नाही. माणसं एकोणतीस, सगळी एकमेकांना विचारत होती, "कुठेत?"

५ फेब्रुवारी, रविवार

नणंद डोंबिवलीहून मुलांसकट आली. चिंचवडचे चुलत दीर-जाऊ आधीच शनिवारी मुक्कामाला होते. "पहाटेच जाऊ, पक्षी पहाटे दिसतात," हे चिंचवडचं मत. गजर सहाचा. साताला अकरा माणसं तळ्याच्या काठाला उभी, थर्मासमध्ये चहा, आणि समोर परत चिखल. भाचा म्हणाला, "मामी, गेले का ते?" सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू ते मीच कुठे लपवून ठेवलेत.

घरी येऊन पोहे केले, जेवणाची तयारी लागली, आणि दुपारी दीडला पाहुण्यांना निरोप द्यायला खाली उतरले तर गेटवरचे काका म्हणतात, "ताई, आत्ता जाऊन आलो मी, तळं भरलंय सगळं. लालभडक." पाहुण्यांना तळ्यावर नेलं. खरंच. काठापासून पन्नास पावलांवर पक्षी एकमेकांना खेटून, एका पायावर. नणंद म्हणाली, "तू इथेच राहतेस ना गं?"

रात्री शांतपणे विचार केला. पहाट-दुपार हा प्रश्नच नाही. पक्षी खातात खाडीच्या चिखलात. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा ते तिकडे. भरतीला चिखल पाण्याखाली गेला की उथळ तळ्यात येऊन उभे राहायचं, पाणी उतरेपर्यंत. शाळेच्या भूगोलात भरती-ओहोटीवर पाच गुणांचं उत्तर लिहिलेली मी, नऊ वर्षं हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आई (सासूबाई) तेवढ्यात म्हणाल्या, "आज पौर्णिमा. आज उधाण असणारच." त्यांचं माहेर रेवदंड्याचं. मला हे आधी का नाही सांगितलं, तर म्हणे, "तू विचारलंस कधी?"

१६ फेब्रुवारी, गुरुवार

महत्त्वाची नोंद. ऑफिसचं काम घरूनच होतं, साडेआठची मीटिंग रद्द झाली, म्हणून गेले. गुरुवार असल्याने माणसं चार. बांधावर करावे गावातले एक काका बसलेले. पूर्वी होडी होती, आता गुडघे नाहीत म्हणाले. मी मोबाइलवर भरतीची वेळ शोधत होते. रेंज येईना. त्यांनी बघितलं आणि विचारलं, "आज तिथी काय?"

मी घरी फोन लावला. आईंनी कालनिर्णय न बघता सांगितलं, विजया एकादशी.

"मंग अकराची पाऊणपट कर."

सव्वाआठ.

"सव्वाआठला भरती पुरी. ती बंदराची. खाडीत वर चढायला येल लागतो, अर्धा तास पुढं धर."

पावणेनऊ वाजत होते. पाणी बांधाच्या तिसऱ्या दगडाला लागलेलं, आणि खाडीकडून पक्ष्यांची एक ओळ येत होती, मान पुढे आणि पाय मागे ताणून, जशी काही कोणी फेकलेली काठी. बसताना पंख उघडले की आतला लाल आणि कडेचा काळा एकदम दिसतो. मिटला की पुन्हा फिकट गुलाबी. यालाच अग्निपंख का म्हणतात ते आज कळलं.

काकांना विचारलं, पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते, पण परवा तर दुपारी दीडला तळं भरलेलं होतं. ते म्हणाले, "पुनव-आवसेला हिशोब नाय करायचा. बारा धरायचे." आणि मग पाणी उतरून पक्षी जाईपर्यंत आणखी दोन तास असतातच.

पंचांग आणि पाढे. एवढ्यावर या माणसाने आयुष्यभर मासे धरले. प्रकल्पाला नाव मिळालं.

१८ फेब्रुवारी, शनिवार, महाशिवरात्र

चौदाची पाऊणपट साडेदहा. अकराला पक्षी भरपूर, माणसंही भरपूर. उपासाच्या दिवशी एवढे वेफर्स लोक खातात हे माहीत नव्हतं. पाकिटं सतरा उचलली. (बाकी शेवटच्या पानावर.)

२५ फेब्रुवारी, शनिवार

षष्ठी, साडेचार. पाणी फार चढलंच नाही. पक्षी थोडेसे, कोपऱ्यात. आईंनी शब्द सांगितला: भांगाची भरती. अष्टमीच्या आसपास चंद्र-सूर्य एका रेषेत नसतात, त्यामुळे पाण्याचा चढ कमी. चिखल पुरता बुडत नसेल तर पक्ष्याला इकडे यायची गरज काय? सुट्टीच्या गर्दीला तिथी समजत नाही, त्यामुळे आज पन्नासेक माणसं बारा पक्ष्यांचे फोटो काढत होती.

३ मार्च, शुक्रवार

पुन्हा एकादशी, पुन्हा सव्वाआठ. पण पाणी तिसऱ्या दगडाला लागायला साडेनऊ झाले. खाडीचा अर्धा तास धरूनही हिशोब पाऊण तासाने चुकला.

रात्री कागद घेऊन बसले. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते. पाऊणपट म्हणजे तिथीला ४५ मिनिटं. पंधरा तिथींत बारा तास पुरे व्हायला हवेत, तर दर तिथीला ४८ लागतात. म्हणजे पाऊणच्या जागी ०.८ ने गुणलं तर पौर्णिमेला बरोबर बारा येतात. शिवाय सरकणं रोज सारखं नसतं. उधाणाच्या दिवसांत कमी, भांगाच्या दिवसांत जास्त. म्हणून पंधरवड्याच्या मधल्या तिथींना घोळ होतो.

काकांना हे सांगायला गेले. ऐकून घेतलं. म्हणाले, "पाऊणपट तोंडी होतं. तुजं ते झिरो पॉइंट होडीत कोण करंल?"

१२ मार्च, रविवार, रंगपंचमी

फळ्याची सुरुवात. गेटवरचे काका दर रविवारी शंभर वेळा एकच उत्तर देतात: "माहीत नाही, पुढे बघा." मी एका पुठ्ठ्यावर लिहून गेटला बांधलं: "आज पक्षी दुपारी ३ ते ५." दोनला वारा सुटला, पुठ्ठा पामबीच रस्त्याच्या दिशेने गेला. तरी तोपर्यंत काकांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना शांतपणे जेवता आलं.

१९ मार्च, रविवार

मुलाचा जुना पांढरा फळा लावला. द्वादशी, बाराची पाऊणपट नऊ, खाडीचा अर्धा तास धरून लिहिलं, "९ ते ११."

फसलं. आधी लोक सकाळभर येऊन-जाऊन असायचे. फळ्याचा फोटो कोणीतरी ग्रुपवर टाकला आणि नऊला सगळे एकदम आले. गेटसमोर दुहेरी पार्किंग, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना डायलिसिसला न्यायची गाडी बारा मिनिटं अडकली. सेक्रेटरींनी मला खाली बोलावलं. "वहिनी, आपण गर्दी कमी करतोय की आमंत्रण देतोय?" उत्तर नव्हतं. आजोबांच्या मुलाची माफी मागितली. फळा उतरवला.

त्या बारा मिनिटांबद्दल वहीत अजून काही लिहावंसं वाटत नाही.

२२ मार्च, बुधवार, गुढीपाडवा

गुढी उभारली, नैवेद्य झाला, श्रीखंड-पुरी झाली. आई म्हणाल्या, "आज प्रतिपदा. पाऊण वाजता भरती." म्हटलं चला. आईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन महिने झालेत, ऊन लागू नये म्हणून काळा चष्मा, वर छत्री. रिक्षा मिळेना, हळूहळू चालतच गेलो. सव्वा वाजला.

तळ्यावर कोणी नाही. कोणी म्हणजे कोणीही नाही. सगळी मुंबई-पुणे श्रीखंड खाऊन आडवी. पाण्यात हजारेक पक्षी तरी असतील. मला मोजता येत नाही, मी दहाचा एक घोळका धरून पुढे चालते आणि मध्येच ते हलतात.

आईंना दुर्बीण दिली. त्यांना ती धरायची कशी ते जमेना, चष्म्यावर चष्मा. मग काळा चष्मा काढला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, ही डोकं उलटं करून जेवते."

खरंच. चोच पाण्यात घालताना वरची बाजू खाली होते, आणि मान डावी-उजवी हलत राहते, भातातले खडे शोधावेत तशी. चोचीच्या कडेला बारीक चाळणी असते. पाणी आत घ्यायचं, जिभेने बाहेर ढकलायचं, शेवाळ आणि किडे आत राहतात. गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. पिल्लं करडी असतात. आमच्या समोर तशी दोन-तीन उभी होती, गुलाबी वऱ्हाडात बिनइस्त्रीचे कपडे घालून आल्यासारखी. मी सांगितलं, रोहित म्हणजे फ्लेमिंगोच, त्यात लहान रोहित गडद गुलाबी, त्याची चोच जवळजवळ काळपट लाल. मोठा रोहित उंच, पांढुरका, त्याची चोच गुलाबी आणि टोक काळं. आई म्हणाल्या, "म्हणजे काळ्या ओठांचे ते धाकटे." यापुढे आमच्या घरात हेच नाव.

आणि आवाज. फोटोत आवाज येत नाही, म्हणून कोणी सांगत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाआधी जशी कुजबुज असते तशी, खालच्या पट्टीत, न थांबता. मधूनच एखादा बदकासारखा ओरडतो. हा आवाज मी रात्री घरी ऐकलेला आहे, डोक्यावरून जाताना. इतकी वर्षं मला ती टिटवी वाटायची.

पावणेतीनला पाणी उतरू लागलं तसे उठले आणि ओळी-ओळींनी खाडीकडे गेले. आईंनी दुर्बीण परत दिली नाही, स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

९ एप्रिल, रविवार, संकष्टी

ऐरोलीला खाडीतली बोट. वनखात्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे तिथे. बोट भरतीच्या वेळेवरच सुटते. आमची दोनला. तिकीट काढून, टोपी घालून, इतर वीस जणांसारखीच मी. फोटो तर मीच सगळ्यात जास्त काढले. पलीकडच्या भांडुपच्या काठावर कोणी वही घेऊन बसलं असेल तर मी त्याच्या शेवटच्या पानावर गेले असणार.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं. सुमारे १६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून जास्त तिवरं, बाकी पाणी. गेल्या ऑगस्टमध्ये, म्हणजे २०२२ ला, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसार यादीत नाव लागलं. पण गंमत अशी की पक्षी भरतीला जिथे टेकतात ती आमच्यासारखी तळी या हद्दीच्या बाहेर आहेत. जेवणाचं घर संरक्षित, पाठ टेकायची ओसरी उघडी. तळ्यात खाडीचं पाणी यायची वाट बुजली की शेवाळ माजतं आणि पक्षी उतरत नाहीत. बोटीवर हे कोणी सांगितलं नाही, पण बांधावरचे काका दर आठवड्याला सांगतात.

१८ एप्रिल, मंगळवार

फळा परत लावला, सेक्रेटरींच्या संमतीने, वेगळ्या मजकुराने. वेळ मोठ्या अक्षरात नाही. मोठ्या अक्षरात "गाडी सीवूड्स स्टेशनपाशी लावा, चालत १५ मिनिटं. या गेटसमोर रुग्णाची गाडी येते." खाली लहान अक्षरात आजची तिथी. बस. ज्याला पाऊणपट करता येते त्याला वेळ कळेल. ज्याला येत नाही तो गेटवरच्या काकांना विचारेल, आणि काका सांगतात, अगदी शिक्षकासारखं, "तुम्हीच करा की हिशोब." त्यांना यात भलतीच मजा यायला लागली आहे.

१ मे, सोमवार

महाराष्ट्र दिन, लागून आलेली सुट्टी, वर एकादशी. मोसमातली सगळ्यात मोठी गर्दी. तरी गेले. साडेनऊला एक ड्रोन आला. अख्खा थवा उठला, दोन फेऱ्या मारल्या, बसतो न बसतो तोच पुन्हा उठला. चालवणारा मुलगा खूश, त्याला तेच हवं होतं. दुसरीकडे सात-आठ वर्षांचा एक पोरगा पक्षी उडावेत म्हणून खडे मारत होता, त्याचा बाप व्हिडिओ घेत होता. बांधावरचे काका काठी टेकत गेले. "रं बाळा, तू जेवून जरा आडवा झालास आनि मी तुला खडा मारला तं?" पोराने खडा टाकला. बाप मोबाइल खिशात घालून दुसरीकडे बघत राहिला. ड्रोनवाल्याशी मी बोलले. आवाज चढला, कबूल करते. तो गेला. पक्षी परत टेकायला चाळीस मिनिटं लागली, तोवर पाणी उतरायला आलं होतं.

काकांची सून सुट्टीच्या दिवशी बांधाच्या तोंडाशी ताक आणि कोकम सरबत विकते. मी चिडून तिच्यापाशी बसले, म्हटलं ही गर्दी बंद झाली पाहिजे. तिने ग्लास भरला. "बंद झाली तं माज्या पोराची फी तू भरशील का, ताई?" आणि हसली. सासरे मागून म्हणाले, "हिचंच ऐक." दोन ग्लास प्यायले. पैसे घेतले तिने, नेहमीसारखे सोडले नाहीत.

१६ मे, मंगळवार

द्वादशी. पक्षी निम्म्यावर. आता कच्छच्या रणाकडे निघायचे दिवस. तिथे पाऊस पडून पाणी साचलं की घरटी करतात, चिखलाची, उलट्या वाटीसारखी.

नणंदेचा फोन: "येऊ का रविवारी?" म्हटलं, रविवारी दीडची वेळ आहे, एकला ये, जेवून जा, आणि पहाटे उठू नकोस. आली. पाऊणशे पक्षी दिसले. भाच्याने पाढा म्हणून दाखवला, पाऊणकीचा. शाळेत शिकवत नाहीत, आजीने शिकवला. (ही नोंद २१ तारखेला पुरी केली.)

३ जून, शनिवार, वटपौर्णिमा

पक्षी नाहीत. आठवडाभर नाहीत. फळ्यावर तिथी लिहायची मात्र सवय लागली आहे. वडाला जाऊन आल्यावर उपासाचं खाऊन पाण्याकडे गेले. बारा वाजलेले, उधाण, पाणी पहिल्या दगडापर्यंत.

कल्याणहून आलेलं एक कुटुंब होतं. दोन रिक्षा, एक लोकल, पुन्हा चालत. बाई नवरीसारखी नटलेली, वटपौर्णिमेची. मुलीच्या फ्रॉकवर फ्लेमिंगोचं चित्र. बाईने मला विचारलं, "ताई, कुठेत हो ते?"

गेले म्हणून सांगितलं. मुलीचा चेहरा पडला. मी म्हटलं, दोन तास थांबता का? थांबले. काकांच्या सुनेचं दुकान बंद होतं, म्हणून घरून पाण्याच्या बाटल्या आणि शेंगदाण्याचे लाडू आणले. दोननंतर पाणी उतरायला लागलं आणि बांधाच्या कडेचा चिखल उघडा पडला तशा निवट्या बाहेर आल्या, गोळीएवढे डोळे डोक्यावर घेऊन, परांच्या आधाराने चालत. एक चिखलातून हातभर उडाली. मुलगी ओरडली, "मासा चालतोय!" मग शेकाट्या आल्या, लाल काडीसारख्या पायांच्या. तिने विचारलं, हे फ्लेमिंगोचे बाळ का? नाही म्हटलं, हे इथलेच.

निघताना तिच्या वडिलांनी विचारलं, परत कधी यायचं. वहीतलं एक पान फाडून दिलं. त्यावर पाऊणकीचा पाढा, एक ते पंधरा, आणि खाली, "पुनव-आवसेला बारा धरायचे. आमच्या इथे अर्धा तास पुढे."